द्विशिक्षकी शाळा, तिसरी ते पाचवी एकत्र, घरची भाषा कोरकू : आधी काय तपासायचे, गट कसे पाडायचे?

मेळघाट_झेडपी

नमस्कार. मेळघाटातल्या (जि. अमरावती) धारणी तालुक्यातली पहिली ते पाचवीची शाळा. पट ४७, शिक्षक दोन, मुख्याध्यापकाचा पदभार माझ्याकडेच. पहिली-दुसरीत १९, तिसरी ते पाचवीत २८. या अठ्ठावीसपैकी निम्म्याहून अधिक मुलांना मराठीतला चार ओळींचा परिच्छेद वाचता येत नाही. बहुतेक घरांत कोरकू बोलतात. सहा-सात मुले गवळी घरांतली आहेत, त्यांना मराठी-हिंदी लवकर समजते आणि वर्गात उत्तरेही तीच देतात.

यात आणखी तीन गोष्टी आहेत. चौथीतला एक मुलगा फळ्यावरचे मोत्यासारखे उतरवून घेतो, पण स्वतःच्याच वहीतले त्याला वाचता येत नाही. तिसरीतली एक मुलगी पुस्तक नाकाला लावून बसते. आणि दिवाळी झाली की आठ-नऊ मुले आई-वडिलांबरोबर कामावर बाहेर जातात, ती थेट होळीला परततात.

पाठ्यपुस्तक पुढे जाते, मुले जागेवरच राहतात. "गुणवत्ता वाढवा, नवोपक्रम राबवा" छापाचे सल्ले प्रशिक्षणात भरपूर मिळाले आहेत. सोमवारी शाळेत गेल्यावर काय करायचे, एवढेच सांगा.

---

खडूफळा

सोमवारी शिकवू नका, मोजा. लेखी चाचणीने काही हाती लागणार नाही. न वाचणारी मुले शेजाऱ्याचे पाहून लिहितात आणि तुम्हाला तीस टक्के गुणांचा एक ढीग मिळतो, ज्यातून कुणाला काय येत नाही ते कळत नाही. एकेका मुलाला बाजूला घेऊन तोंडी वाचन घ्या. मुलामागे पाच ते सात मिनिटे लागतात, म्हणजे २८ मुले दोघांत दोन दिवसांत होतात.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद द्या, जोडाक्षरे जवळपास नसलेला. वाचला तर आठ-दहा वाक्यांची गोष्ट द्या. परिच्छेद अडखळत, शब्द तोडून वाचला तर खाली या: दोन-तीन अक्षरी दहा शब्दांतले कुठलेही पाच वाचायला सांगा, चार बरोबर आले तर मूल 'शब्द' पातळीवर. नाही आले तर अक्षरे, तिथेही पाचातली चार. तेही नाही तर 'प्रारंभिक'. वरून खाली येण्याचे कारण साधे आहे. अक्षरांपासून सुरुवात केली तर वाचता येणारे मूलही कंटाळून चुकते, आणि तुमचा वेळ दुप्पट जातो. परिच्छेद आणि गोष्ट वाचणाऱ्यांना दोन प्रश्न विचारा, उत्तर कोरकूत दिले तरी बरोबर धरा. पण टिपून ठेवा, कारण ते पुढे उपयोगी पडते.

गणिताचे वेगळे मोजा. वाचन आणि गणिताचे गट एकच असतात हे गृहीत धरू नका.

गट पाडताना तिसरी ते पाचवी एकत्र घ्या, इयत्ता विसरा. पण पाचवीच्या मुलाला पहिलीत नेऊन बसवू नका. दहा-अकरा वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्या पोरांत बसला की दुसऱ्या दिवसापासून गुरे राखायला जातो. गटांना 'अ, ब, क' किंवा 'हुशार, मध्यम' अशी नावे तर बिलकूल नकोत.

आता अक्षरगटाला काय शिकवायचे. अ ते ज्ञ आणि मग बाराखडी हा रस्ता या मुलांनी तीन वर्षे चालून झाला आहे. बाराखडी त्यांना गाण्यासारखी पाठ असते. मधलेच 'कू' दाखवले की 'क'पासून म्हणत यावे लागते. त्यापेक्षा पाच-सहा अक्षरांचा संच घ्या: र, म, क, न, ल, स. त्याबरोबर पहिल्याच आठवड्यात काना आणि दुसरी वेलांटी. एवढ्यात 'काम', 'मका', 'नाक', 'माला', 'सारी', 'काकी' असे चाळीस-पन्नास शब्द होतात आणि मूल चौथ्या दिवशी खरा शब्द वाचते. पहिली वेलांटी जरा उशिरा. ती लिहायची अक्षराआधी आणि उच्चारायची नंतर, म्हणून मुले 'कि' ऐवजी 'इक' वाचतात. भ-म, घ-ध, ब-व, थ-य या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका. एक पक्के झाल्यावर दुसरे. 'ख' तर कित्येक मुले 'रव' असे वाचतात, त्यात त्यांचा दोष नाही, जुनी छपाई पाहा. रफार आणि र-जोडणीचे प्रकार परिच्छेद पातळीनंतरच.

सहा आठवड्यांनी परत तीच चाचणी, वेगळा मजकूर. जे मूल वर गेले त्याला त्याच दिवशी वरच्या गटात हलवा. या पद्धतीत सगळ्यात जास्त वेळा बिघडते ते इथेच: गट एकदा पडतात आणि मार्चपर्यंत तसेच राहतात. मग ती पातळी राहत नाही, जात होते.

---

सिपना_काठ

वरच्या उत्तरात एक भर, आणि थोडा मतभेद.

भर आधी. वाचता न येणे आणि मराठी न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मेळघाटात त्या एकमेकींत मिसळतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठी-हिंदीशी तिचे नाते नाही. तिच्यात पुल्लिंग-स्त्रीलिंग-नपुंसकलिंग हा प्रकारच नाही, सजीव आणि निर्जीव असा भेद आहे. वचने तीन आहेत: एक, दोन आणि अनेक. त्यामुळे मूल "आई आला", "तो पुस्तक" म्हणते तेव्हा तो निष्काळजीपणा नसतो. मराठीची तिन्ही लिंगे त्याला नामागणिक नव्याने लक्षात ठेवावी लागतात. अशा वाक्याला लाल रेघ मारली तर मूल पुढच्या वेळी वाक्यच बोलत नाही, एका शब्दात उत्तर देते. बरोबर रूप तुम्ही स्वतः परत म्हणा, "हो, आई आली," आणि पुढे चला.

धडा घेताना क्रम असा: चित्र दाखवा, मुलांना कोरकूत बोलू द्या, पाच-सात मिनिटे. तुम्हाला कोरकू येत नसेल तर चौथी-पाचवीतली मुले, अंगणवाडी मदतनीस किंवा पोषण आहार शिजवणाऱ्या ताई मदत करतात. ताईंना आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे गोष्ट सांगायला वर्गात बसवा, मात्र स्वयंपाकाच्या वेळेशी टक्कर नको. मग धड्यातले आठ-दहा कळीचे शब्द मराठीत, वस्तू किंवा कृतीसह. मग मोठ्या कागदावर मुलांनी सांगितलेली तीन-चार वाक्ये मराठीत लिहा, त्यांच्याच तोंडची. तोच त्या दिवसाचा वाचनपाठ. पुस्तकातला धडा त्यानंतर.

प्रत्येक वाक्याचे लगेच कोरकूत भाषांतर करत जाऊ नका. तसे केले की मुले मराठी वाक्य कानाआड करतात आणि पुढच्या कोरकू वाक्याची वाट पाहतात. एक भाग पूर्ण एका भाषेत, पुढचा दुसऱ्या.

कोरकू शब्द देवनागरीत लिहायला हरकत नाही, उलट लिहाच. अक्षरगटासाठी घरचे शब्द असतील तर मुलाला आपण वाचले ते बरोबर की चूक हे स्वतःलाच कळते. मराठीतला अनोळखी शब्द वाचला तर ते कळायला मार्गच नसतो, मग मूल गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहून वाचते. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवण्याचे म्हटलेलेच आहे, त्यामुळे कुणी हरकत घेतली तर घाबरू नका.

गवळी घरांतली मुले पुढे पुढे उत्तरे देतात ना? हात वर करण्याची पद्धत महिनाभर बंद करा. प्रश्न विचारला की आधी जोडीत बोलायचे, जोडी मिश्र, आणि उत्तर कोण देणार ते तुम्ही नावाने ठरवायचे. प्रश्न आणि उत्तर यांच्यात मनात पाच अंक मोजा. दुसऱ्या भाषेत विचार करणाऱ्याला तेवढा वेळ लागतोच, आणि बहुतेक शिक्षक एकावरच थांबतात.

आता मतभेद. पातळीचे गट दिवसभर चालवू नका. पाचवीतल्या मुलाला 'मका, नाक' वाचता येत नसले तरी पाचवीचे परिसर अभ्यासाचे पाठ ऐकून समजतात. त्याला दिवसभर अक्षरांतच ठेवले तर त्याचे वाचन सुधारेल आणि ज्ञान तिसरीतच थांबेल. पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे, नापास झाला तर पुनर्परीक्षा आहे. तेव्हा पातळीचा तास एक, ठरलेला, बाकीच्या वेळी सगळ्यांना इयत्तेचा आशय मोठ्याने वाचून, प्रयोग करून, नकाशावर.

---

खडूफळा

मान्य. मी दीड तासाबद्दलच बोलत होतो, लिहायचे राहिले.

आणि निपुण भारतचे (लहान वर्गांच्या वाचन-गणिताची केंद्राची मोहीम) शब्दांचे आकडे (दुसरीला मिनिटाला ४५ ते ६०, तिसरीला किमान ६०) भिंतीवर लावून मुलांच्या मागे घड्याळ लावू नका. मराठीत 'शाळेतल्यांसाठीसुद्धा' हा एकच शब्द धरला जातो. घड्याळ लावले की मुले शेवट गिळतात, आणि आपल्या भाषेत सगळा अर्थ शेवटाला असतो. बरोबर वाचले का, कळले का, मग वेग.

---

विशेष_शिक्षक_विदर्भ

दोन मुलांबद्दल कुणीच बोलले नाही, म्हणून लिहिते.

तिसरीतली मुलगी. तिला पुस्तक लांब धरायला लावू नका. जवळ धरल्याने डोळे बिघडत नाहीत, तिला तेवढ्यावरूनच दिसते आहे. डोळे तपासायचा 'ई' तक्ता तालुक्याच्या गटसाधन केंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतो. सहा मीटर अंतर टेपने मोजा, पावलांनी नको. तक्ता मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर, उजेड तक्त्यावर, मुलीच्या डोळ्यांवर नाही. एक डोळा तळहाताने झाकायचा, बोटांनी नाही (फटीतून पाहतात) आणि दाबायचा नाही (उघडल्यावर थोडा वेळ धूसर दिसते आणि तपासणी चुकते). 'ई'ची बोटे कुठल्या दिशेला ते हाताने दाखवायचे, भाषा लागतच नाही. पाचांपैकी चार दिशा बरोबर आल्या तर ती ओळ धरायची. संध्याकाळी अंधारात ठेचकाळते का, हे आईला विचारा. बुबुळाच्या बाजूला पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसतो का ते पाहा. ही दोन्ही जीवनसत्त्व 'अ' कमी असल्याची खूण असू शकतात, मग चष्म्याची वाट न पाहता थेट आरोग्य केंद्र.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. त्यांच्या भेटीआधी तुमच्याकडे नावांची यादी तयार असली पाहिजे: कोणाचे डोळे, कोणाचे कान, काय दिसले, कधीपासून. यादी नसेल तर पथक ४७ मुलांची उंची-वजने घेते आणि वेळ संपतो.

तोवर वर्गात: फळ्यासमोर मधोमध पहिली जागा, खिडकी पाठीमागे किंवा बाजूला, समोर कधीच नाही. फळा काळा करून घ्या. मेळघाटच्या पावसाळ्यात भिंतीवरचे फळे करडे पडतात आणि पांढरा खडू दिसेनासा होतो. अक्षर चार बोटे उंच. ए-चार कागद ए-तीनवर मोठा केला की अक्षर साधारण १.४ पट होते, तिच्यापुरते रोजचे पान तसे काढा. वहीच्या निळ्या फिकट रेघांवर काळ्या स्केचपेनने एकाआड एक रेघ ओढून द्या.

कानांचे विसरू नका. "लक्ष देत नाही" असा शेरा असलेल्या मुलांत कान वाहणारी मुले निघतात. पावसाळ्यात जास्त. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहून ओळखीचे शब्द कुजबुजा, कोरकूतले, आणि परत म्हणायला सांगा. एकेका कानाला. मराठी शब्द वापरले तर ऐकू आले नाही की समजले नाही, ते कळणार नाही.

चौथीतला मुलगा. सुंदर उतरवतो पण वाचत नाही, याचा अर्थ तो चित्र काढतो आहे. ही अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक असून वाचन-लेखन न जमणे) असू शकते, आणि नसूही शकते. तीन वर्षे उतरवण्याचीच सवय लागलेली मुले अशीच दिसतात. आधी हे पाहा: कोरकूत ऐकलेली गोष्ट तो क्रमाने सांगतो का? दुकानातला तोंडी हिशोब येतो का? शब्दाचा पहिला आवाज वेगळा काढता येतो का ('मका' म्हटल्यावर 'म')? यमक ओळखतो का? पहिल्या दोन गोष्टी येतात आणि शेवटच्या दोन येत नाहीत, तर आठ आठवडे रोज वीस मिनिटे आवाज-अक्षर जोडणीवर काम करा आणि नोंद ठेवा. बाकीची मुले त्या कामाने पुढे गेली आणि हा तिथेच राहिला, तर मग संशय पक्का धरायचा.

त्यानंतर 'प्रशस्त' या शाळेतल्या दिव्यांगत्व-चाळणीच्या ॲपवर पहिला भाग वर्गशिक्षकाने, दुसरा विशेष शिक्षकाने किंवा मुख्याध्यापकाने भरायचा. ती चाळणी आहे, निदान नाही. त्या अहवालाच्या जोरावर हजेरीपटावर काही लिहू नका आणि यूडायसमध्ये (शाळांची सरकारी ऑनलाइन माहिती) दिव्यांग प्रकार टाकू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यांत आहे, पण तिचे प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आत मिळत नाही, आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी लागते. तपासणी मुलाला न येणाऱ्या भाषेत झाली तर निष्कर्षच खोटा येतो. तेव्हा आठ आठवड्यांची तुमची नोंद, वहीची पाने आणि घरची भाषा कोरकू असल्याची ठळक नोंद सोबत पाठवा. अमरावतीची फेरी म्हणजे पालकाची एक दिवसाची मजुरी बुडणे. कागद अपुरे म्हणून परत पाठवले तर ते दुसऱ्यांदा जाणार नाहीत.

प्रमाणपत्र नाही म्हणून सवलत नाही, असे चौथीत काही नसते. आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणारे मूल्यमापन तुमच्या हातात आहे. प्रश्न वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या, लिहिण्याऐवजी जोड्या लावायला द्या. दर तासाला वीस मिनिटे जादा आणि लेखनिक हा बोर्डाच्या परीक्षांचा भाग, तो पुढे येईल, आणि तेव्हा आजच्या नोंदी लागतील.

---

मेळघाट_झेडपी

सर्वांचे आभार. तपासणी झाली. प्रारंभिक ४, अक्षर ७, शब्द ६, परिच्छेद ७, गोष्ट ४. चौथीतला मुलगा 'अक्षर'मध्ये निघाला, तोंडी हिशोब मात्र पाचवीच्या मुलांपेक्षा चांगला. मुलीला डाव्या डोळ्याने वरच्या ओळीनंतर दिसत नाही, आरोग्य केंद्राला चिठ्ठी दिली.

आता अडचण: पाच गट आणि शिक्षक दोन. त्यात पहिली-दुसरीची १९. शिवाय आठवड्यातून एखादा दिवस आमच्यापैकी कुणीतरी बैठकीला किंवा ऑनलाइन माहितीला अडकलेलाच असतो. आणि स्थलांतराचे कुणीच सांगितले नाही.

---

निवृत्त_केंद्रप्रमुख

पाच गट पाडू नका, तीन पाडा. प्रारंभिक आणि अक्षर मिळून ११, शब्द आणि परिच्छेद मिळून १३, गोष्ट ४. शब्दवाली मुले परिच्छेदवाल्यांच्या शेजारी बसली तर ओढली जातात. प्रारंभिकवाली तशी ओढली जात नाहीत, त्यांना माणूसच लागतो.

रोज अकरा ते साडेबारा. एक शिक्षक पूर्ण वेळ पहिली-दुसरीकडे. दुसऱ्याने पहिली ४० मिनिटे अक्षरगटात बसायचे, खाली सतरंजीवर, खुर्चीत नाही. त्या वेळात शब्द-परिच्छेद गट जोडीवाचन करतो: एक वाचतो, दुसरा बोट फिरवतो, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब. गोष्टगट व्हरांड्यात कार्डावरचे काम करतो, म्हणजे गोष्ट वाचून तीन प्रश्न तयार करणे, शेवट बदलून लिहिणे. पुढची ३० मिनिटे शिक्षक मधल्या गटात, फक्त टिंब पडलेल्या शब्दांवर आणि अर्थावर. अक्षरगट तेव्हा पाटीवर शब्द बनवतो, अक्षरकार्डांनी. शेवटची २० मिनिटे सगळे एकत्र, गोष्ट ऐकणे, कोरकू किंवा मराठी. पहिली-दुसरीचा आणि मोठ्यांचा शिक्षक दर पंधरा दिवसांनी बदलू नका, सत्रभर एकच ठेवा. मुलाचे कुठे अडते हे ध्यानात राहायला तेवढा काळ लागतो.

गोष्टगटातल्या चार मुलांना 'छोटे गुरुजी' करून रोज खालच्या गटाला जुंपू नका. आठवड्यातून दोन दिवस पुरे. त्यांचेही शिकणे आहे, आणि त्यांचे पालकही शाळा व्यवस्थापन समितीत आहेत.

मुख्याध्यापक म्हणून तुमचे खरे काम हे दीड तास राखणे. माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी, फोन, पाहुणे, सगळे साडेबारानंतर. केंद्रप्रमुखांना हे एकदा लेखी कळवा, समितीच्या ठरावासह. समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला, त्यांचा ठराव असला की वरूनही सहसा कुणी मोडत नाही. बैठकीमुळे एकच शिक्षक उरेल त्या दिवसासाठी वेगळा आराखडा आताच लिहून भिंतीवर लावा: मोठ्यांच्या गटांना जोडीवाचन आणि कार्डे, शिक्षक पहिली-दुसरी आणि अक्षरगट एकत्र घेतो. आराखडा नसला की तो दिवस 'शुद्धलेखन लिहा' यात जातो.

शनिवारी शाळा सुटल्यावर दोघांनी अर्धा तास बसा. अजेंडा एकच: तीन मुलांची नावे, या आठवड्यात काय वाचू लागली किंवा लागली नाहीत, पुढच्या आठवड्यात काय बदलायचे. २८ मुलांची चर्चा करायला गेलात तर एकाचीही होत नाही. सहकाऱ्याचा वर्ग पाहायला बसलात तर सहकाऱ्याकडे पाहू नका, मागच्या दोन मुलांकडे पाहा.

आता स्थलांतर. दसऱ्याआधी यादी करा, दिवाळीनंतर नाही. नाव, कोण नेणार, कुठला तालुका, कुठले गाव, काम कसले (वीटभट्टी, बांधकाम, कापणी), मुकादमाचा फोन. ज्यांना मागे ठेवणारे आजी-आजोबा आहेत, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव समितीच्या ठरावाने त्याच वेळी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायला हवा. कुटुंबे निघून गेल्यावर आलेली मंजुरी कुणाच्या उपयोगाची?

जी मुले जाणारच, त्यांना शिक्षण हमी कार्ड (तिथल्या शाळेत दाखवायचे) द्या आणि त्यावर इयत्तेबरोबर पातळीही लिहा: "चौथी, वाचन शब्द, गणित दोन अंकी बेरीज हातच्यासह". नुसते 'चौथी' वाचून तिथला शिक्षक चौथीचे पुस्तक हातात देतो. पालकांना तोंडी सांगा: टीसी नाही, जन्मदाखला नाही, या कारणाने कुठलीही सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातच आहे. ज्या गावी जाणार तिथल्या शाळेला तुम्ही स्वतः फोन करा. कार्ड पिशवीत राहते, फोन पोचतो. आपल्याकडचे नाव कमी करू नका. पट टिकवण्यासाठी खोटी हजेरीही लावू नका. तपासणीत ती सापडतेच, आणि मुलाला दुसऱ्या शाळेत दाखल करतानाही अडथळा होतो.

सोबत द्यायचे: त्या मुलाच्या पातळीच्या दोन गोष्टीच्या पुस्तिका, एक वही, दोन पेन्सिली. पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा देऊ नका, तो वीटभट्टीवर चूल पेटवायला जातो, आणि तिथे थंडीही असते, दोष कुणाला देणार.

होळीनंतर परत आल्यावर पहिल्या आठवड्यात तीच तोंडी चाचणी. काही मुले एक पातळी खाली आलेली असतात, ते धरून चाला. त्यांना दोन आठवडे अक्षर किंवा शब्द गटात घ्या, बहुतेकांचे भराभर परत येते. मार्च-एप्रिलमध्ये आपण संकलित मूल्यमापनाच्या मागे असतो आणि नेमक्या त्याच वेळी ही मुले येतात. म्हणून ते दोन आठवडे वार्षिक नियोजनात जूनमध्येच आखून ठेवा.

---

सिपना_काठ

गणिताचे एक राहिले. चाचणीत ४५ सांगितल्यावर ५४ लिहिणारी मुले निघाली असतील. पंचेचाळीसमध्ये पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल पाच आधी लिहिते. हा मराठी संख्यानामांचा गुंता आहे, मराठी घरांतल्या मुलांनाही होतो. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आले तेव्हा त्यावर विनोद पुष्कळ झाले. वर्गात मात्र पंधरा दिवस 'चाळीस पाच' म्हणून घ्या आणि शेजारी 'पंचेचाळीस' म्हणा, फायदा दिसतो. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मुलांनी स्वतः बांधलेले असू द्या, रबर बँडने. तयार गठ्ठा दिला की तो 'एक गठ्ठा' राहतो, त्यात दहा आहेत हे हाताला कळत नाही. हातच्याची वजाबाकी शिकवताना गठ्ठा सोडून दाखवायचा असतो, तेव्हा हे बांधलेले कामी येते.

शाब्दिक उदाहरण न सुटल्यास तेच कोरकूत सांगा. सुटले तर गणित येते आहे, मराठी कमी पडते आहे, आणि त्याला परत बेरजा घालून उपयोग नाही.

---

मेळघाट_झेडपी

तीन गटांचा आराखडा सोमवारपासून लावतो. एक शंका: अक्षरगटातल्या अकरांत पाचवीचे दोघे आहेत, ते सतरंजीवर बसायला तयार नाहीत, मागे उभे राहतात.

---

विशेष_शिक्षक_विदर्भ

त्यांना अक्षरकार्डे बनवायचे काम द्या. जुन्या पत्रिकांचे पुठ्ठे, तळहाताएवढे तुकडे, जाड काळा मार्कर, र-म-क-न-ल-स आणि काना-वेलांटीची वेगळी पट्टी. कार्ड कापताना, लिहिताना आणि गटाला दाखवताना ते अक्षर त्यांच्या हातून वीस वेळा जाते. पण आधी नमुना तुम्ही लिहून द्या, नाहीतर 'म'च्या जागी 'भ' लिहिला जाईल आणि सगळा गट तेच शिकेल. आणि त्यांची स्वतःची दहा मिनिटे वेगळी घ्या, शाळा भरायच्या आधी, कुणी नसताना.